वाचक विचारतात : जॅझचे पियानोवादक तीच ती गाणी का वाजवतात?

गेल्या काही महिन्यांत जॅझ पियानोविषयी बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे त्याच प्रश्नात आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे ख्याल ऐकतो आणि घरी पेटीवर थोडेफार वाजवतो. मुलीने मला नामवंत जॅझ पियानोवादकांच्या काही ध्वनिमुद्रिका ऐकवल्या. सगळे जण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची तीच गाणी वाजवताना आढळले. ही गाणी म्हणजे आपल्याकडच्या बंदिशींसारखे काही आहे काय? आणि तीच चाल पुन्हा पुन्हा ऐकण्यात श्रोत्यांना एवढा आनंद कशाचा होतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : बंदिशीची आठवण आपल्याला योग्य जागी झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. साधारण १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी जॉर्ज गर्श्विन, जेरोम कर्न, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स अशा संगीतकारांनी असंख्य गाणी बांधली. त्यांतली काही जॅझच्या वादकांनी उचलली, वाजवून वाजवून घासली आणि एक सामाईक भांडार तयार केले. त्या भांडारातल्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. मूळ नाटकांचे काय झाले याच्याशी त्यांच्या आयुष्याचा संबंध उरला नाही. जेरोम कर्न यांचे ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गाणे १९३९ च्या ज्या संगीतिकेत होते, तिचे ब्रॉडवेवर अवघे ५९ प्रयोग झाले. गाणे मात्र आजही जगभरातले जॅझ वादक वाजवतात. एकमेकांना कधीही न भेटलेले तीन वादक केवळ गाण्याचे नाव आणि पट्टी ठरवून तालमीशिवाय रंगमंचावर बसू शकतात, ते या भांडाराच्या बळावर.

यांतल्या बऱ्याच गाण्यांचा साचा ३२ बारांचा असतो आणि एकेक बार बहुधा ४ मात्रांचा. हे ३२ बार म्हणजे एक आवर्तन समजा. वादक आधी चाल जवळजवळ मुळाबरहुकूम वाजवतो, मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा घेत त्यावर उपज करतो, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, आणि शेवटी चालीवर परत येतो. इथवर आपली तुलना बरोबर आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. ख्यालात तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि रागाची चौकट कलावंताला बांधून ठेवते. स्टँडर्डमध्ये राग नसतो. चौकटीचे काम स्वरसंवादांची, म्हणजे कॉर्डची, एक ठरलेली मालिका करते. प्रत्येक आवर्तनात ती त्याच क्रमाने फिरते आणि तिच्यामुळे पायाखालची जमीन दर बार-दोन बारांनी सरकत असते. वादकाने नव्याने घेतलेला स्वर त्या क्षणी कोणत्या कॉर्डवर पडला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपल्याकडे पेटी आहे, तेव्हा हे प्रत्यक्ष करूनच पाहावे. ‘ऑटम लीव्हज्’ हे गाणे घ्या. जोझेफ कोस्मा यांनी १९४५ मध्ये फ्रान्समध्ये ही चाल बांधली, झाक प्रेव्हेर या कवीने तिला शब्द दिले आणि पुढे जॉनी मर्सर यांनी इंग्रजी गीत लिहिले. चालीचे पहिले पाऊल असे आहे : सा, रे, कोमल ग असे चढायचे आणि कोमल धैवतावर थांबायचे. दुसऱ्या वेळी मंद्रातल्या कोमल निषादावरून नि, सा, रे असे चढून पंचमावर थांबायचे. तिसऱ्या वेळी मंद्रातल्या कोमल धैवतावरून ध, नि, सा करत मध्यमावर यायचे. चौथ्या वेळी मंद्र पंचमावरून निघायचे, पण आता धैवत आणि निषाद दोन्ही शुद्ध घ्यायचे आणि कोमल गंधारावर विसावायचे. एकच आकृती चार वेळा, दर वेळी एक पायरी खाली. आणि चौथ्या पायरीवर अवचित आलेल्या त्या दोन शुद्ध स्वरांनी सगळ्या चालीला एक हुरहुर येते. आता उजव्या हाताने थांबण्याचे ते चार स्वर, म्हणजे ध, प, म, ग, एकेक करून धरा आणि डाव्या हाताने त्यांच्याखाली अनुक्रमे म, ग, रे आणि सा हे खर्जातले स्वर ठेवा. गंधार आणि धैवत कोमलच. वरची रांग आणि खालची रांग बरोबरीने उतरते आणि गाण्याचा सांगाडा आपल्या कानांपुढे उभा राहतो. ज्याच्या कानांत हा सांगाडा पक्का बसला आहे, त्याला पियानोवादक केव्हा त्यावर चालतो आहे, केव्हा त्याच्यापासून लांब गेला आहे आणि कोणत्या वळणावर परत येऊन मिळतो आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. स्टँडर्ड ऐकताना श्रोता दोन गोष्टी एकदम ऐकतो : एक, समोर वाजते आहे ती; आणि दुसरी, मनात मूकपणे चाललेली मूळ चाल. आनंद या दोहोंमधल्या अंतरात आहे. चाल माहीत नसेल तर उत्तम वादनही नुसती स्वरांची सुरेख बरसात वाटते आणि पाचेक मिनिटांत कान थकतो. म्हणून नवख्या श्रोत्यांना मी आग्रहाने सांगतो, की पियानोकडे जाण्यापूर्वी ते गाणे कोणाच्या तरी गळ्यातून ऐकावे. ‘ऑटम लीव्हज्’ नॅट किंग कोल यांनी संथ आणि स्वच्छ गायले आहे. ते स्वतः पहिल्या प्रतीचे पियानोवादक होते. ते गाणे स्वतःला गुणगुणता येईपर्यंत ऐकावे आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर तीन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका. पहिले एरल गार्नर यांचे, सप्टेंबर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी झालेल्या मैफलीतले. गार्नर यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. सुरुवातीला असे आलाप घ्यायचे, की आता कोणते गाणे येणार याचा श्रोत्यांना थांग लागू नये, ही त्यांची आवडती खोड होती; आणि लय धरली की डावा हात गिटारच्या ठोक्यांसारखा नेमका चालायचा, उजवा हात मात्र कणभर मागे रेंगाळायचा. दुसरे बिल इव्हान्स यांचे, डिसेंबर १९५९ मधले. सोबत बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन आहेत. चाल संपल्यावर बासवादकाने मात्रा मोजत चालावे, अशी तेव्हाची रीत होती. इथे ती मोडलेली आहे. पियानो एक वाक्य बोलतो, बास त्याला उत्तर देतो, ड्रम मध्येच दुजोरा देतो. ताल कोणीच उघड वाजवत नाही, तरी तिघेही आवर्तनात नेमके कुठे आहेत हे जाणून असतात. काही वेळाने लय एकदम उघडी होते आणि पियानो धावू लागतो, तो क्षण कितीही वेळा ऐकला तरी माझा जीव सुखावतो. तिसरे कीथ जॅरेट यांच्या त्रयीचे, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स अशा तिघांच्या संचाचे, १९८६ मध्ये म्युनिकच्या मैफलीत मुद्रित झालेले. ते बरेच लांब आहे, म्हणून शेवटी ठेवावे.

तिन्ही वादने एकाच चालीची आहेत, आणि तिघांचे स्वभाव मात्र या एका चालीमुळेच एकमेकांपासून इतके स्पष्ट वेगळे दिसतात. प्रत्येकाने स्वतःची नवी रचना वाजवली असती, तर यातला किती भाग रचनेचा आणि किती वादकाचा हे आपल्याला सांगता आले नसते.

प्रश्न : बिल इव्हान्स यांच्या न्यूयॉर्कमधल्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात मागे पेल्यांचा किणकिणाट, हसणे आणि गप्पा ऐकू येतात. अशा वातावरणातल्या वादनाला अभिजात का मानतात? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हे मुद्रण २५ जून १९६१ चे आहे. रविवार होता. मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचा तळघरातला एक लहानसा क्लब १९३५ पासून चालत आला आहे. तिथे त्या दिवशी दुपारी आणि रात्री मिळून इव्हान्स, लाफारो आणि मोशन यांनी पाच बैठका वाजवल्या आणि निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी त्या सगळ्या टेपवर घेतल्या. लोक खातपीत होते, बोलत होते. आपल्यासमोर काय घडते आहे याची त्यांतल्या कित्येकांना जाणीव नसावी. सुरुवातीच्याच गाण्यात वीज गेल्याने टेपमध्ये थोडा खंडही पडला आहे.

एवढ्या गजबजाटात ‘माय फूलिश हार्ट’ कसे वाजले आहे, ते लक्ष देऊन ऐका. १९४९ च्या एका चित्रपटासाठी व्हिक्टर यंग यांनी बांधलेले हे गाणे. इव्हान्स त्यात रूढ अर्थाने उपज करतच नाहीत म्हटले तरी चालेल. जवळजवळ पाच मिनिटे ते केवळ चाल सांगतात. लय इतकी संथ आहे, की एका स्वराचा नाद विरत आला तरी पुढचा स्वर यायचा असतो. पियानोचा स्वर एकदा उमटला की तो वाढवता येत नाही, त्याला मींड देता येत नाही, तो फक्त ओसरत जातो. बहुतेक वादक ही उणीव झाकण्यासाठी मधल्या जागा भरून काढतात. इव्हान्स त्या ओसरण्याचाच उपयोग करतात : पुढचा स्वर किती हळू आघाताने यावा, हे ते आधीच्या स्वराचा किती नाद उरला आहे त्यावर ठरवतात, त्यामुळे तुटक आघातांची ती रांग कानाला सलग गळ्यासारखी लागते. लाफारो इथे मोजकेच खर्जाचे स्वर देतात आणि मोशन यांच्या हातातले ब्रश झांजेवर नुसते सरकत राहतात. कोणीही कोणाच्या जागेवर पाऊल टाकत नाही.

गप्पांचा आवाज मला कधी उपसर्ग वाटला नाही. स्टुडिओच्या शांततेत हेच वादन कदाचित अधिक नितळ निघाले असते, पण तीन माणसे एकमेकांचे इतके बारकाईने ऐकत आहेत हे त्या गोंगाटामुळेच अधिक जाणवते. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलै रोजी, लाफारो मोटार अपघातात गेले. ते २५ वर्षांचे होते. इव्हान्स यांनी पुढे कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. या माहितीने ऐकणाऱ्याचे मन हळवे होते हे खरे. तरी कोणाला ती ठाऊक नसली, तरी वादनाची योग्यता तसूभर कमी होत नाही, असे मी जबाबदारीने लिहितो.

प्रश्न : कीथ जॅरेट वाजवताना कण्हतात, गुणगुणतात, मधूनच ओरडतात. मला ते असह्य होते. हे टाळून त्यांचे काही ऐकता येईल काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तक्रार जुनी आहे आणि पुष्कळांची आहे. गार्नरही हुंकार देत असत. माझी स्वतःची समजूत अशी, की पियानोवादकाला श्वास घेण्याची गरज वाद्यापोटी पडत नाही, त्यामुळे वाक्ये न संपता लांबत जाण्याचा धोका असतो. तोंडाने बरोबर गाणारा वादक ते वाक्य माणसाच्या श्वासाएवढेच ठेवतो. जॅरेट यांच्या वाक्यांची ठेवण गायकी अंगाची वाटते, त्याचे एक कारण हेही असावे. पण ज्याच्या कानाला खुपते त्याला हे स्पष्टीकरण देऊन काय उपयोग?

आपण त्यांचे ‘द मेलडी ॲट नाइट, विथ यू’ ऐकावे. दीर्घ थकव्याच्या आजाराने त्यांना मैफली थांबवाव्या लागल्या होत्या. त्यातून सावरताना त्यांनी घरच्याच पियानोवर एकट्याने ही गाणी मुद्रित केली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात आवाजाचा उपद्रव फारच कमी आहे आणि बोटांचा बडेजाव अजिबात नाही. ते रुचले, तर मग गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट यांच्या साथीतली त्रयी ऐका. १९७५ च्या कोलोन मैफलीपासून जॅरेट म्हणजे पूर्वतयारीशिवाय तासभर वाजवणारा एकांडा कलावंत, अशी जगाची समजूत झाली होती. त्यांनी १९८३ च्या जानेवारीत या दोघांना न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावले आणि इतर कोणी म्हाताऱ्यांची गाणी म्हणून बाजूला टाकली असती अशी गाणी निवडली. ही त्रयी २०१४ पर्यंत वाजत राहिली.

प्रश्न : असे पियानोवादन मुंबईत कधी झाले होते का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : झाले होते, आणि फार लवकर. लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर शिकागोच्या वाद्यवृंदात वाजवलेले टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक १९३० च्या दशकात शांघायमार्गे मुंबईत आले आणि ताज हॉटेलात वाजवू लागले. १९४५ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्या काळच्या वाद्यवृंदांत आपल्या गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतले कित्येक पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये मुंबईत आले, तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी त्यांची सांगीतिक भेट झाली. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली हे संगीत सामान्य तिकिटात ऐकायला मिळू लागले. दार्जिलिंगला जन्मलेले आणि मुंबईत स्थायिक झालेले लुई बँक्स यांच्या पियानोत ही परंपरा आजही ऐकू येते.

प्रश्न : मी पाश्चात्त्य पियानोच्या काही परीक्षा दिल्या आहेत. स्टँडर्ड वाजवताना माझा डावा हात जड आणि ओबडधोबड वाटतो. मोठ्या वादकांचा डावा हात इतका हलका कसा? – एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : आपण बहुधा प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर डाव्या करंगळीने दाबता आणि कॉर्ड बदलली की सगळा हात उचलून दुसरीकडे नेता. शास्त्रीय शिक्षण झालेल्यांची ही सवय असते. त्रयीत मूळ स्वर देण्याचे काम बासवादकाचे असते, म्हणून पियानोवादकाने तो सोडून दिला तरी चालते. इव्हान्स यांनी ही पद्धत इतकी परिपूर्ण केली, की नंतरच्या बहुतेकांनी ती उचलली.

सी हा षड्ज धरा. स्टँडर्डमध्ये सर्वांत अधिक वेळा येणारा क्रम म्हणजे रे-च्या कॉर्डवरून प-च्या कॉर्डवर आणि तिथून सा-च्या कॉर्डवर येणे. पहिल्या कॉर्डसाठी डाव्या हाताने म, ध, सा, ग हे चार स्वर चढत्या क्रमाने एकत्र दाबा. त्यात रे नाही. दुसऱ्या कॉर्डसाठी फक्त सा खाली उतरवून नि करा, बाकी बोटे जागची हलवू नका : म, ध, नि, ग. त्यात प नाही. तिसऱ्या कॉर्डसाठी निषाद तसाच धरून बाकीचे तिन्ही स्वर एकेक पायरी खाली आणा : ग, प, नि, रे. त्यात सा नाही. हात जेमतेम दोन बोटे सरकला आणि तीन कॉर्ड पार पडल्या. हे स्वर पियानोच्या मध्यभागीच ठेवा. त्याखाली गेलात तर गढूळ वाजतील.

एकट्याने सराव करताना मूळ स्वर नसल्यामुळे हे अधांतरी वाटेल. म्हणून सुरुवातीला दुसऱ्या कोणाला खर्जातले रे, प, सा वाजवायला सांगा, किंवा ते स्वर आधी मुद्रित करून ठेवा. बाराही पट्ट्यांत हे बसायला काही महिने लागतील, त्याची घाई करू नका. त्यानंतर एक संथ गाणे घ्या, त्याचे शब्द पाठ करा, आणि उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या कॉर्डवर ते स्वतःच्या आवाजात म्हणा. जिथे शब्दांत श्वास पडतो तिथे डाव्या हाताने कॉर्ड द्यायची आणि जिथे शब्द चालू आहेत तिथे गप्प राहायचे. हे जमले, की उजवा हात पियानोवर आणा आणि जे गळ्याने म्हटले तेवढेच, एकही स्वर न वाढवता, बोटांनी वाजवा.